पेकिंगचे जाणकार, मुक्काम नानपुरा

लोहकरेसरांना पेकिंगमधलं सगळं कळत असे. तिथे कोण चढला, कोण उतरला, कोणाला खरोखर ताप आला आहे आणि कोणाला वरून हुकूम आला म्हणून ताप आला आहे, हे ते सुरतेत नानपुऱ्यातल्या आपल्या घरी झोपाळ्यावर बसून सांगत. समोरच्या गल्लीतलं रेशनचं दुकान कोणत्या वारी बंद असतं, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तो विभाग त्यांच्या बायकोकडे, मालतीकाकूंकडे होता.

मी एकसष्ट साली बँकेतल्या बदलीवर सुरतेला आलो आणि लोहकऱ्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो. शेजारधर्म म्हणून पहिल्याच आठवड्यात खाली भेटायला गेलो. सरांनी नाव, गाव, शिक्षण काही विचारलं नाही. आमची शाखा नुकतीच नव्या इमारतीत गेली होती आणि त्या समारंभाचा फोटो गुजराती पेपरात आला होता. तो पेपर त्यांच्या मांडीवर होता.

“तुमच्या मॅनेजरच्या डाव्या हाताला कोण उभं आहे?” त्यांनी विचारलं.

“लक्ष नाही दिलं, सर.”

“हेड कॅशियर. आणि अकाउंटंट कुठे आहे?”

“असेल कुठेतरी मागे.”

“नाहीच आहे तो. तुमचा अकाउंटंट जातोय.”

महिन्याभरात अकाउंटंटची व्याऱ्याला बदली झाली. मी थक्क होऊन खाली सांगायला गेलो, तेव्हा सरांनी नुसती मान हलवली. पेकिंगच्या मानाने आमची बँक म्हणजे बालवर्ग होता. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, “अहो, त्याची बायको व्याऱ्याची. वर्षभर स्वतःच बदली मागत होता. आपल्या भाजीवालीलासुद्धा ठाऊक होतं.”

सरांनी ऐकलं नाही. भाजीवालीला त्यांच्या शास्त्रात स्थान नव्हतं.

ते शास्त्र असं होतं. चीनमध्ये खरं कोणी सांगत नाही, म्हणून छापलेल्या मजकुराकडे दुर्लक्ष करायचं आणि फोटो बघायचे. अध्यक्षांच्या शेजारी कोण, त्याच्या शेजारी कोण, कोणाची टोपी पुढच्या रांगेत आहे, कोण गेल्या खेपेला होता आणि या खेपेला नाही. “बातमी फोटोत नसते, अविनाश. फोटोत जो नसतो, तो बातमी असतो,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की बँकेत हजेरीपटावर सही करतानाही मला ते आठवू लागलं. या कामासाठी सदऱ्याच्या खिशात ते हिरे पारखणाऱ्यांचं भिंग बाळगत. सुरतेत तेव्हा हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने निघू लागले होते. तिथल्या लोकांनी त्या भिंगातून बघून पुढे मोटारी घेतल्या. सरांनी त्याच भिंगातून टोप्या बघितल्या.

चीन त्यांच्या वाट्याला आला तो चकचकीत कागदामुळे. सर मूळचे साताऱ्याकडचे. पन्नास सालानंतर सुरतेच्या एका कॉलेजात राज्यशास्त्राचे अध्यापक म्हणून आले. तो मैत्रीचा काळ होता. पेकिंगहून एक चित्रमासिक कॉलेजच्या वाचनालयात फुकट येई. त्याच्या कागदाला इतकी मागणी होती की अंक आला की शिपाई, लेखनिक आणि प्राध्यापक आपापल्या मुलांच्या पुस्तकांना कव्हरं घालायला झडप घालत. सरांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे त्यांच्यावर ते मासिक वाचायची पाळी आली. वाचता वाचता त्यांना विषय सापडला आणि चिनी पक्षातल्या वरच्या लोकांच्या उतरंडीवर त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं.

मग ते चिनी भाषा शिकले. म्हणजे कोश आणून अक्षरं पाठ केली. उच्चार शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून ते सातारी ठेवले. एकदा मुंबईत एक चिनी दंतवैद्य आहे असं कळल्यावर सर दाढदुखीचं निमित्त करून त्याच्याकडे गेले. खुर्चीत बसून त्यांनी घरून तयार करून नेलेली चार वाक्यं चिनीत म्हटली. दंतवैद्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “कौन सा दाँत?” तो कलकत्त्यात जन्मलेला होता. रिकाम्या हाताने उठणं बरं दिसत नाही म्हणून सरांनी एक दाढ दाखवली. ती चांगली धडधाकट होती, असं काकू म्हणत. सर म्हणत, निदान उच्चारांचा प्रश्न तरी निकालात निघाला.

त्याच मैत्रीच्या काळात एक चिनी शिष्टमंडळ सुरतेचं रेशमी कापड बघायला आलं होतं आणि कॉलेजातही चहापुरतं डोकावलं. त्या वेळी जो फोटो निघाला, त्यात सर पहिल्या रांगेत होते. एका चिनी पाहुण्याचा हात त्यांनी हातात घट्ट धरलेला होता आणि दोघंही लग्नातल्या व्याह्यांसारखे हसत होते. तो फोटो मोठा करून कॉलेजच्या व्हरांड्यात लावला. सर रोज जाता-येता त्याच्याकडे नजर टाकत. काकूंनीही तो एकदा पाहिला आणि घरी येऊन त्या म्हणाल्या, “त्या चिन्याशेजारी किती छान उभे राहिलात. माझ्याशेजारी कधी राहणार?”

यात नुसता टोमणा नव्हता. काकू अमळनेरच्या. लग्न भर मोसमात लागलं आणि ठरवलेला फोटोग्राफर जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या मांडवात गेला. त्यामुळे या नवरा-बायकोचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. काकूंना दागिन्यांची, साड्यांची फारशी हौस नव्हती. दोघांचा एक फोटो मात्र हवा होता. तो स्टुडिओत जाऊन काढून घ्यायचा, एवढं साधं काम सर दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत. पेकिंगमध्ये सतत काही ना काही चालू असे.

आणि मग बासष्ट साल आलं. सीमेवर लढाई सुरू झाली आणि व्हरांड्यातल्या फोटोतला तो हातातला हात एकाएकी सगळ्यांना दिसू लागला. पोलिसांकडून कोणीतरी प्राचार्यांना भेटून गेलं. दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवर नव्हता. खिळा तेवढा राहिला आणि त्याच्याखाली भिंतीचा एक चौकोन इतर भिंतीहून उजळ राहिला. विद्यापीठातल्या मार्गदर्शकांनी सरांना विषय बदलायला सांगितलं आणि बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्याचं राजकारण सुचवलं. सर म्हणाले, “तिथे सगळे एकमेकांना तोंडावर बोलतात. अभ्यासाला काही शिल्लकच ठेवत नाहीत.” पीएच.डी. तिथेच थांबली. विभागप्रमुखपद त्यांच्या हाताखालच्या माणसाला मिळालं. त्याचा विषय ग्रामपंचायत होता, आणि ग्रामपंचायतीशी आपली लढाई नव्हती.

घरासमोर साध्या वेषातला एक पोलीस येऊन बसू लागला. रमणभाई त्याचं नाव. तो साध्या वेषातला पोलीस आहे हे शेरीत, म्हणजे आमच्या गल्लीत, सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं, कारण त्याने स्वतःच सांगितलं. काकू त्याला चहा आणि नानखटाई देत आणि घासलेटच्या रांगेत नंबर लावायला पाठवत. सरांना मात्र या माणसात वेगळंच दिसलं. चीनबद्दल सरांनी बोललेलं सगळं ऐकून घेण्याचा सरकारी पगार मिळणारा संपूर्ण गुजरातेतला हा एकमेव माणूस होता. कॉलेजातून आले की ते त्याला ओट्यावर समोर बसवून घेत आणि पक्षाच्या मध्यवर्ती समितीपासून सुरुवात करत. दोन-तीन आठवड्यांनी रमणभाईचा चेहरा उतरला. एका संध्याकाळी तो काकूंना म्हणाला, “बेन, साहेबांना सांगा ने, आजे तरी रजा राखो.” पुढे त्याने अर्ज करून बदली करून घेतली. सरांविरुद्ध त्याला काहीही सापडलं नाही, किंवा सापडलं असेल तर ते लिहून काढायची त्याची तयारी नव्हती.

सरांनी हे सगळं हसण्यावारी नेलं असं आम्हाला वाटलं. पण त्यांनी एक गोष्ट मनात ठरवून टाकली. “फोटोत उभा राहिला तो आज ना उद्या पुसला जातो,” ते म्हणाले. “आपण उभंच राहायचं नाही. मग पुसणार काय?” त्या दिवसापासून त्यांनी फोटो काढून घेणं सोडलं. कॉलेजचं स्नेहसंमेलन, लग्नं, मुंजी, सगळीकडे फोटोग्राफर दिसला की सर पाणी प्यायला जात. चीनबद्दलची त्यांची भाकितं किती खरी ठरली हा वादाचा विषय आहे, पण चीनमधली भीती मात्र त्यांनी पूर्णपणे आत्मसात केली होती. मला याचं तेव्हाही हसू येई आणि वाईटही वाटे. वाईट काकूंसाठी वाटे.

त्रेसष्टपासून आमच्या वस्तीत मराठी मंडळींचा गणेशोत्सव सुरू झाला. आम्ही बँकवाले, मास्तर, कचेऱ्यांतले लोक आणि मागांवर काम करायला आलेली खानदेशी कुटुंबं. विसर्जनाआधी सगळ्यांचा एक फोटो निघे. ते काम ठाकोरभाई नावाच्या सुरती फोटोग्राफरकडे होतं. त्यांचा तीन पायांचा जुना कॅमेरा होता, काळं फडकं होतं आणि भिंगावरची टोपी काढून तोंडाने आकडे मोजून ती परत लावायची त्यांची पद्धत होती. मांडवात उजेड कमी, म्हणून आकडे सावकाश मोजत. तोवर कोणी हलायचं नाही.

पहिल्याच वर्षी काकू दुसऱ्या रांगेत उभ्या राहिल्या आणि आपल्या उजव्या हाताला एका माणसाची जागा त्यांनी मोकळी ठेवली. शेजारी मागावरच्या कामगाराची बायको सखूबाई होती, काकूंच्याच मुलखातली. तिने विचारलं, “ताई, आठे कोन शे? मी सरकू का?”

“नको बाई. आठे आमना सर येतीन.”

मध्ये जागा रिकामी दिसते म्हणून काळ्या फडक्यातून ठाकोरभाई ओरडले, “बेन, गाळो पडे छे! जरा सरको ने!”

“पडू द्या,” काकू म्हणाल्या. “माणूस यायचाय.”

माणूस तिथेच होता. कॅमेऱ्याच्या मागे, ठाकोरभाईंच्या खांद्याला खांदा लावून उभा होता आणि मंडळाच्या अध्यक्षांच्या शेजारी कोण आहे ते बघत होता. ठाकोरभाईंनी आकडे मोजले, टोपी लावली, सगळे हलले. काकूंनी आपल्या नावाची एक प्रत विकत घेतली आणि ट्रंकेत ठेवली. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच. ठाकोरभाईही पुढे पुढे काही म्हणेनासे झाले. चौकटीत तेवढी जागा धरूनच ते कॅमेरा लावत.

त्या फोटोंचा उपयोग मात्र सर पुरेपूर करत. एके वर्षी प्रत हातात पडताच ते मला म्हणाले, “कार्यवाह पोतनीस गेले.”

“कुठे? सकाळी तर भेटले.”

“गेल्या वर्षी अध्यक्षांच्या उजवीकडे होते. यंदा पेटीवाल्याच्या मागे आहेत. दिवाळीपर्यंत राजीनामा.”

पोतनिसांच्या कानावर हे गेलं. कोणी घातलं ते विचारू नका. शेरीत गोष्टी आपोआप जातात. त्यांनी रात्रंदिवस विचार केला, अध्यक्ष करमरकरांकडे संशयाने बघायला लागले, मखराच्या खर्चावरून भांडले आणि दिवाळीपूर्वी राजीनामा देऊन मोकळे झाले. भाकीत बिनचूक ठरलं. पेटीवाल्याच्या मागे ते का उभे होते, तर त्या दिवशी त्यांच्या धोतराला कुंकवाचा डाग पडला होता आणि तो झाकायचा होता. हे अर्थातच काकूंना माहीत होतं आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

पण सरांची कीर्ती झाली. पुढच्या वर्षापासून फोटो म्हणजे रणधुमाळी सुरू झाली. माणसं गणपतीकडे पाठ करून अध्यक्षांना चिकटू लागली. करमरकरांनी तर आदल्या दिवशीच आपली खुर्ची मूर्तीशेजारी ठेवून तिच्यावर उपरणं टाकून ठेवलं. लोक येऊन सरांना हळूच विचारत, “सर, आमचं कसं दिसतंय?” सर भिंग डोळ्याला लावून “स्थिर आहे” किंवा “जपा” असं सांगत. हात बघणाऱ्या ज्योतिषाला निदान दक्षिणा मिळते.

कॉलेजातही त्यांचा चीन फारसा खपला नाही. त्यांच्या तासाला साडीच्या व्यापाऱ्यांची मुलं असत. वर्षाच्या शेवटी त्यांनी एकाला विचारलं, “काय शिकलास चीनबद्दल?” तो म्हणाला, “साहेब, त्यां धंधो नथी.” सर घरी येऊन म्हणाले की ‘तिथे धंदा नाही’ असं सांगून आपल्या प्रबंधाचा शेवटचा अध्याय या मुलाने एका वाक्यात लिहिला. त्या मुलाला त्यांनी पास केलं.

बासष्टनंतर ते चित्रमासिक कॉलेजात येणं बंद झालं. पण शेरीतल्या एका पारशी बाईंचा भाचा हाँगकाँगला बोटीच्या कंपनीत होता. तो तिकडून मावशीला कपडे आणि बिस्किटं पाठवी, आणि त्या पार्सलात सरांसाठी जुने अंक भरून देई. दोन-तीन महिने उशिरा येत. सर म्हणत, “चीनला उशीर चालतो. त्यांचा इतिहास चार हजार वर्षांचा आहे.” असे अंक साठून घराचा एक कोपरा भरला.

अडुसष्टला तापीला पूर आला, तेव्हा पाणी ओट्याच्या वर चढू लागलं. मी धावत खाली गेलो. सर गुडघाभर पाण्यात उभे राहून अंकांचे गठ्ठे सालवार माळ्यावर चढवत होते. तांदळाचा डबा पाण्यात तरंगत होता. काकू कुठे म्हणून बघितलं, तर त्या डोक्यावर आपली पत्र्याची ट्रंक घेऊन जिन्यात उभ्या.

“काकू, आधी तांदूळ तरी उचलू या!” मी ओरडलो.

“तांदूळ बाजारात मिळतात,” त्या म्हणाल्या, आणि ट्रंक वर माझ्या खोलीत नेऊन ठेवली.

त्यात काय होतं ते मला माहीत होतं. पाच वर्षांचे पाच फोटो, आणि प्रत्येकात काकूंच्या शेजारी कोणी नाही. दोन दिवस आम्ही तिघांनी माझ्याकडचे चुरमुरे खाऊन काढले. सर माळ्यावरचा चीन सुरक्षित आहे म्हणून खूश होते.

त्यांच्या आयुष्यात एकदाच असा क्षण आला की ते जगाच्या पुढे होते. एकाहत्तर साल संपता संपता आलेले दोन-तीन अंक त्यांनी पुन्हा पुन्हा चाळले. मग दोन दिवस ते जेवतानाही अंक ताटाशेजारी उघडे ठेवून बसले. तिसऱ्या दिवशी मला खाली बोलावून म्हणाले, “अविनाश, दुसऱ्या क्रमांकाचा माणूस नाही.” अध्यक्षांचा वारस म्हणून ज्याचं नाव पक्षाच्या घटनेत घातलं होतं, तो माणूस एकाही फोटोत नव्हता. सरांनी लेख लिहिला, मी तो बँकेच्या टाइपरायटरवर टाइप केला आणि तो दिल्लीच्या एका नियतकालिकाकडे गेला. तो परत आला. संपादकांच्या मते सुरतेहून असा निष्कर्ष काढणं धाडसाचं होतं. पुढच्या पावसाळ्यात साऱ्या जगाने छापलं की तो माणूस केव्हाच संपला होता. त्यावर दिल्लीला परिसंवाद झाला आणि परदेशातून शिकून आलेल्या एका तरुणाने तिथे तेच सांगितलं. सरांना कोणी बोलावलं नाही.

त्या दिवशी काकूंनी मुद्दाम शिरा केला. सर तो मुकाट्याने खात होते. काकू मला म्हणाल्या, “यांना जो नाही तो दिसतो बघ. हजारो मैलांवरून दिसतो.” आणि त्यांनी माझ्या ताटात उगाचच आणखी शिरा वाढला.

वर्षं गेली. काकूंचे गुडघे धरले. शहात्तरच्या गणपतीत त्या फोटोला उभ्या राहिल्या, त्या सखूबाईचा खांदा धरून. जागा मात्र सोडलेली होती. खाली उतरताना त्या म्हणाल्या, “आता एखाद-दोन वर्षंच उभं राहवेल. मग बसलेल्या बायकांत जाऊन बसायचं. तिथे पुरुषांना येता येत नाही, म्हणजे वाट बघायचंही काम नाही.” हे त्यांनी हसत म्हटलं. मला हसू आलं नाही.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला, एका रविवारी सकाळी, सरांनी मला जिन्यातूनच हाका मारल्या. पेकिंगच्या अध्यक्षांचं निधन होऊन काही महिने झाले होते आणि त्यांच्या शोकसभेचा फोटो असलेला अंक हाँगकाँगहून आला होता. नेत्यांची लांबच लांब रांग माना खाली घालून उभी होती. सर आनंदाने अक्षरशः थरथरत होते. शोकसभेचा फोटो बघून इतका आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

“हे बघ. इथे. आणि इथे.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. रांगेत माणसं खांद्याला खांदा लावून उभी होती आणि मध्येच जागा मोकळी होती. “त्या अटक झालेल्या चौघांना उडवलंय. फोटोतून पुसलंय. पण रांग जुळवून घ्यायचं धाडस झालं नाही, म्हणून खिंडार तसंच राहिलं. अरे, हे खिंडार बोलतं! ज्याला डोळे आहेत त्याला—”

“तसलं माझ्याकडे चौदा वर्षांचं आहे,” काकू म्हणाल्या.

त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, चौकट धरून. आवाज चढलेला नव्हता.

“काय आहे?” सरांनी विचारलं.

“खिंडार. चिन्यांनी माणूस पुसला म्हणून पडलं. मी माणूस येईल म्हणून ठेवलं. चौदा गणपती झाले. ते नाही कधी बोललं तुमच्याशी?”

त्या आत गेल्या आणि ट्रंक फरफटत बाहेर घेऊन आल्या. मी मदतीला उठलो, तर त्यांनी हातानेच मला बसवलं. सगळे फोटो त्यांनी झोपाळ्यावर, पेकिंगच्या शोकसभेवर, ठेवले आणि पोळ्या करायला परत गेल्या.

सरांनी भिंग उचललं. सवयीने पहिल्यांदा अध्यक्षांकडे गेले, तिथून दुसऱ्या रांगेकडे आले आणि थांबले. मग दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. करमरकर खुर्चीत जाडे होत गेले होते. पोतनीस पेटीवाल्याच्या मागून नाहीसे झाले होते. सखूबाईच्या कडेवर मूल आलं, ते मोठं होऊन पुढच्या रांगेत बसलं. काकूंचे केस पांढरे झाले. त्यांच्या उजव्या हाताची जागा जशीच्या तशी होती. शेवटच्या फोटोत त्यांनी सखूबाईचा खांदा धरलेला होता, त्यावर सर बराच वेळ भिंग धरून बसले. हे सगळे फोटो निघताना ते दरवर्षी कॅमेऱ्याशेजारी उभे होते. मला राग यायला हवा होता, पण त्यांचा चेहरा बघून मी “येतो” म्हणालो आणि वर निघून आलो. त्या दिवशी चीनविषयी आणखी बोलणं झालं नाही.

गणपती आले. विसर्जनाच्या दिवशी मंडळी फोटोसाठी जमली आणि लोहकरेसर लग्नातला कोट घालून मांडवात आले. कोटाची बटणं कशीबशी लागली होती. करमरकरांनी घाबरून आपली खुर्ची घट्ट धरली. त्यांना वाटलं, सरांना काहीतरी मोठं कळलं आहे. सर कोणाकडे न बघता दुसऱ्या रांगेत चढले आणि काकूंच्या उजवीकडे जाऊन उभे राहिले. ती जागा त्यांना बरोबर झाली. काकूंनी फक्त पदर नीट केला.

सखूबाई म्हणाली, “ताई, उनात व सर!”

“हो,” काकू म्हणाल्या. “आले.”

“हवे कोई हालशो नहीं!” ठाकोरभाईंनी टोपी काढली आणि मोजायला लागले. तेही त्या दिवशी जरा जास्तच सावकाश मोजत होते.

आठवड्याने प्रती आल्या. सगळी मंडळी स्वच्छ आली होती. काकू तर अशा आल्या होत्या की ओळखू येईनात. चौदा वर्षांत त्या प्रथमच फोटोत हसल्या होत्या. त्यांच्या शेजारी कोट होता. कोटाची बटणं मोजता आली असती. कोटाच्या वर, जिथे सरांचं डोकं असायला हवं, तिथे एक करडा डाग होता.

सरांनी भिंगातून बघितलं आणि निर्णय दिला, “पुसलंय.”

ठाकोरभाई संतापले. “साहेब, तमे हाल्या!” हा धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता. भांडण वाढू लागलं, तेव्हा काकूंनी फोटो दोघांच्या मधून काढून घेतला आणि त्याच संध्याकाळी चौकट करायला टाकला. त्यांचं काम झालं होतं.

सर हलले हे शेवटी त्यांना मान्य करावं लागलं. त्यावर त्यांनी खुलासा केला की नेमक्या त्या क्षणी करमरकरांशेजारी कोण उभं आहे ते बघण्यासाठी, निव्वळ अभ्यासाच्या दृष्टीने, त्यांनी मान वळवली. आम्ही सगळ्यांनी हा खुलासा स्वीकारला. आयुष्यात एकदा फोटोला उभं राहून तिथेही अध्यक्षांकडे बघणारा माणूस म्हणून त्यांची आणखी थोडी टिंगल झाली. मीही केली.

त्यानंतर लवकरच माझी नागपूरला बदली झाली. एकोणऐंशीत बँकेच्या कामासाठी सुरतेला आलो, तेव्हा नानपुऱ्यात गेलो. सर निवृत्त झाले होते आणि झोपाळ्यावर बसून होते. अंक आता राजरोस मिळू लागले होते, त्यामुळे त्यांचा त्यातला रस कमी झालेला दिसला. काकू आत चहा करत होत्या. झोपाळ्याच्या समोरच्या भिंतीवर तो फोटो होता.

मी जवळ जाऊन बघू लागलो. इतक्या वर्षांच्या शेजाराने थोडी विद्या मलाही आली होती. करमरकर खुर्चीत मधोमध, म्हणजे सरांच्या उजव्या हाताला. काकू डाव्या हाताला. आणि तो करडा डाग कोटाच्या कॉलरपासून वर जाताना वळला होता. तो करमरकरांच्या बाजूला गेलेला नव्हता.

“सर,” मी म्हणालो, “तुम्ही नक्की करमरकरांकडेच बघत होतात?”

“अर्थात.”

“पण डाग तर इकडे गेलाय.”

सरांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. भिंग काढायला त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामाच परत आला. काकू चहाचे कप घेऊन बाहेर आल्या होत्या.

“त्यांना कशाला विचारतोस?” त्या म्हणाल्या. “मला विचार. मी शेजारीच होते.”

“तू चीनच्या राजकारणात पडू नकोस,” सर म्हणाले, आणि काकूंना बसायला झोपाळ्यावरचे अंक उचलून त्यांनी खाली जमिनीवर ठेवले.